स्वखुशीने

डॉ. त्रिशला मगदूम यांनी तीस वर्षं सरकारी पशुवैद्यक म्हणून नोकरी केली होती. सांगली जिल्ह्यातल्या गोठ्यागोठ्यांतून फिरताना बैल, म्हशी, चावरी कुत्री असं सगळं हाताळलेलं. आपण सहसा कशाला घाबरत नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातल्या त्या लहानशा खोलीत डोक्यावर जाळीची टोपी चढवून बसताना त्यांना हसूच येत होतं.

"मॅडम, आरामात बसा. मी विचारेन त्याला साधी उत्तरं द्यायची," समोरच्या अधिकारी रुक्साना तांबोळी म्हणाल्या. त्यांनी त्रिशलाबाईंच्या बोटाला एक चिमटा लावला आणि डोळ्यांसमोर कॅमेरा आणून ठेवला.

त्रिशलाबाई बहात्तर वर्षांच्या होत्या. विश्रामबागेतलं राहतं घर त्यांना मुलाच्या, श्रेणिकच्या, नावावर करून द्यायचं होतं. पूर्वी बक्षीसपत्रावर सही केली, दोन साक्षीदार आणले की काम व्हायचं. आता पासष्टीच्या पुढच्या माणसाला राहतं घर द्यायचं तर आधी संमतीची चाचणी द्यावी लागे. सह्या करून दिल्यावर रस्त्यावर आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे खटले कोर्टांत साठत गेले होते. सही खरी असायची, साक्षीदारही खरे असायचे. सही करणारा घाबरलेला होता, एवढंच कुणाला सिद्ध करता यायचं नाही. भीतीचा मागे काही पुरावा राहत नाही.

यंत्राने तो पुरावा शोधला होता. मेंदूत खोलवर, दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला, बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की माणसाला कळायच्या आत तो कामाला लागतो. बाहुल्या रुंदावतात, तळहात ओलसर होतात. पळायला वाव असला तर छाती धडधडते; पण सुटायची वाटच नसली तर ठोके उलट मंदावतात आणि अंग थिजतं. टोपी त्या बदामाची हालचाल टिपायची, चिमटा ठोके मोजायचा, कॅमेरा बाहुल्या पाहायचा, आणि या सगळ्याची मिळून पडद्यावर एक रेषा उमटायची. माणूस खरं बोलतो की खोटं हे त्या रेषेला कळत नसे. तो कशाला घाबरलाय हेही कळत नसे. या क्षणी जे बोलतंय ते माणूस बोलतोय की त्याची भीती, एवढंच ती सांगे.

नाव, गाव, नोकरी असे प्रश्न झाले. मग तांबोळींनी विचारलं, "घर कुणाला देताय?"

"मुलाला. श्रेणिकला."

"स्वखुशीने देताय?"

"हो. स्वखुशीने."

तांबोळी पडद्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की नोंदणी करता येणार नाही. मुलाचं नाव घेतलं तिथे ठोके एकदम उतरले होते आणि बाकी सगळं वर गेलं होतं. दीड महिन्यांनी पुन्हा चाचणी देता येईल. तोवर मनगटावर एक पट्टी बांधावी लागेल. भीती जागी झाली की तिच्यावरचा दिवा पिवळा होईल.

"तुम्हाला घरात कुणाची भीती वाटते का, मॅडम?"

"छे हो. पोटचा मुलगा आहे माझा. यंत्र बिघडलंय तुमचं," त्रिशलाबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर श्रेणिक आणि सून प्राजक्ता बसले होते. काय झालं ते त्रिशलाबाईंनी सांगितलं. श्रेणिक काहीच बोलला नाही. गाडीत नाही, घरी आल्यावर नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तो आवाज चढवणारा माणूसच नव्हता. चार वर्षांपूर्वी वडील, भूपाल मगदूम, गेले तेव्हा पुण्याची नोकरी सोडून तो आईसाठी सांगलीला आला, असं सगळे म्हणत. तासगाव रस्त्यावर त्याने द्राक्षांचं शीतगृह टाकलं. आईची स्कूटर त्यानेच विकली, कारण या वयात पडली तर काय करायचं. पुढच्या खोलीत त्रिशलाबाई गल्लीतली कुत्री-मांजरं तपासायच्या, ती खोली त्याने स्वतःच्या कामाला घेतली, कारण केसांनी प्राजक्ताला शिंका यायच्या. मैत्रीण विजया आरवाडे दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज चहाला यायची. ती आली की श्रेणिक दिवाणखान्यात येऊन गप्प बसून राहायचा. हळूहळू ती येईनाशी झाली. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि ते पटण्यासारखं होतं. पटलं नाही तर तो गप्प व्हायचा. तो अबोला घरभर पसरायचा. प्राजक्ता भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची. मग त्रिशलाबाई स्वतःच म्हणायच्या, "असू दे रे, तू म्हणतोस तसं करू." एवढं म्हटलं की श्रेणिक हसायचा आणि घर पुन्हा चालू व्हायचं.

घर नावावर करून देण्याचं त्यांनी असंच एका गप्प आठवड्याच्या शेवटी सुचवलं होतं.

पट्टी बांधली आणि त्यांचं त्यांनाच काही दिसू लागलं. बाथरूममध्ये पाय घसरला, कशीबशी खुंटी धरून वाचल्या, तरी दिवा क्षणभरच लागून विझला. शेजारचा मोठा कुत्रा अंगावर आला तेव्हा तर लागलाच नाही. पण दुपारी अंगणात लिंबं काढत असताना फाटकाशी श्रेणिकची गाडी थांबली, आणि मनगट पिवळं झालं. टोपली हातात धरून त्या दिव्याकडे पाहत राहिल्या. छातीत काही धडधडत नव्हतं. उलट सगळं फार शांत होतं. त्या शांततेला त्या इतकी वर्षं समाधान समजत होत्या.

पुढे बाहीखाली त्या पट्टी लपवू लागल्या. ते श्रेणिकच्या लक्षात आलं.

"दाखव," तो म्हणाला.

त्यांनी बाही वर केली. दिवा पिवळाच होता. श्रेणिकने तो पाहिला, आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तुला कशाची भीती वाटते, हे त्याने त्या वेळी विचारलं नाही आणि नंतरही नाही. त्याने ते एक काम म्हणून हातात घेतलं, शीतगृहातलं तापमान बिघडलं की घ्यायचा तसं. रोज सकाळी चहानंतर तो आईला समोर बसवायचा आणि वाक्य म्हणायला लावायचा: हे घर मी स्वखुशीने देत आहे. दिवा लागला की पुन्हा. घाई नाही, चिडणं नाही. "परत म्हण, आई." सरावाने दिवा विझेल असं त्याला वाटत होतं. उलट वाक्य सुरू व्हायच्या आधीच तो लागू लागला.

एका सकाळी त्याने टेबलावर एक गोळी ठेवली. त्याच्या ओळखीच्या डॉक्टरने दिली होती.

त्रिशलाबाईंनी तिची सगळी माहिती काढायला लावली. औषधाशी त्यांचा आयुष्यभराचा संबंध. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांना पूर्वी एक औषध द्यायचे. कुत्रं निपचित पडायचं, लोकांना वाटायचं शांत झालं, आणि ते आतल्या आत तसंच घाबरलेलं असायचं, फक्त हलता यायचं नाही. तशी ही गोळी नव्हती. युद्धावरून आलेले जवान, अपघातातून वाचलेली माणसं यांच्यासाठी ती काढली होती. ती त्या बदामाकडून निघणारा निरोपच थांबवायची. गुंगी नाही, विसर नाही. विचार तसाच चालू, भीती तेवढी बंद. अंमल संध्याकाळपर्यंत. चाचणीच्या आधी लाळ तपासत, पण या नव्या औषधाची तपासणी अजून सुरू झालेली नव्हती.

"सक्ती नाही," श्रेणिक म्हणाला. "तू ठरव."

त्याचा हा "तू ठरव" त्यांना माहीत होता. त्यांनी गोळी उचलून जपून ठेवली. त्यांनाही हे एकदाचं संपवायचं होतं. घर दिलं की मुलगा हसेल, पट्टी निघेल, रोजचं ते वाक्य थांबेल. त्यापलीकडचं त्यांना काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी नाश्त्यानंतर त्यांनी गोळी आपल्या हाताने घेतली.

आधी वाटलं, काही झालंच नाही. मग गाडीत मागच्या सीटवर बसल्या असताना जाणवलं, काहीतरी थांबलंय. फ्रिजची घरघर बंद पडल्यावरच ती इतका वेळ चालू होती हे कळतं, तसं. पुढे श्रेणिकची मान दिसत होती. एरवी ती मान पाहिली की याचा मूड कसा आहे, याने नाश्ता नीट केला का, याचं ब्लडप्रेशर वाढलं नसेल ना, असे दहा विचार यायचे. आज एकही आला नाही. एक बेचाळिशीचा माणूस गाडी चालवत होता. हे जरा विचित्र आहे, असं त्यांच्या मनात आलं, पण विचित्र वाटण्याचीही भीती वाटली नाही.

तांबोळींनी पट्टी सोडवून घेतली, टोपी चढवली, प्रश्न सुरू केले. पडद्यावरची रेषा सरळ चालली होती.

"हे घर तुम्ही स्वखुशीने देताय का?"

वाक्य ओठांवर तयार होतं. ते म्हणायच्या आधी त्रिशलाबाईंनी मनात पाहिलं, की ही खुशी आहे तरी कुठे. एरवी या जागी गेलं की दाट काहीतरी असायचं, आणि त्यालाच त्या माया म्हणायच्या, इच्छा म्हणायच्या. आज तिथे काही नव्हतं. भीती काढून घेतल्यावर त्या वाक्याच्या मागे उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

तांबोळींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही. मला माझं घर द्यायचं नाही."

रेषा तसूभर हलली नाही.

तांबोळींनी यंत्र बंद केलं. तेव्हा त्रिशलाबाईंनी त्यांना गोळीचं सगळं सांगितलं, आणि आता ही चाचणी रद्द होते का असं विचारलं. तांबोळी म्हणाल्या, तुम्ही हो म्हणाला असतात तर रद्दच झाली असती. नाही म्हणायला चाचणी लागत नाही.

"पण संध्याकाळी हिचा अंमल उतरेल," त्रिशलाबाई म्हणाल्या. "मग मी पुन्हा घाबरेन, आणि घाबरले की मी देते. मला थांबवायचं काही साधन आहे का तुमच्याकडे?"

होतं. कायमची मनाई. मालकाने तशी नोंद केली की त्याच्या हयातीत ते घर दान, विक्री, गहाण काहीच करता यायचं नाही. पुढे त्याने स्वतः येऊन कितीही विनवण्या केल्या तरी नोंद निघायची नाही. तांबोळींनी दोनदा समजावून सांगितलं, आणि घरी जाऊन विचार करा असंही म्हणाल्या.

"घरी जाऊन विचार करता येणार नाही म्हणूनच इथे करतेय," त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी अंगठा टेकवला.

बाहेर येऊन त्यांनी श्रेणिकला सरळ सांगून टाकलं. तो गप्प झाला. त्या अबोल्याकडे त्यांनी प्रथमच नीट पाहिलं. ओठ मिटलेले, जबडा आवळलेला, बस्स.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "गोळी संध्याकाळी उतरेल, आई."

"उतरू दे. मनाई उतरणार नाही. माझ्या हयातीत आता कुणाला काही करता येणार नाही."

"तुझ्या हयातीत," श्रेणिक म्हणाला.

प्राजक्ताने चटकन नवऱ्याकडे पाहिलं. त्रिशलाबाईंनी तेही पाहिलं, आणि जिना उतरू लागल्या.

दुपार चांगली गेली. त्या पोटभर जेवल्या. पुढच्या खोलीतली श्रेणिकची खोकी त्यांनी ओढत व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि तपासणीचं जुनं टेबल पुसून काढलं. मग गाढ झोपल्या.

ऊन कलल्यावर जाग आली तेव्हा आधी काळजी परत आली. श्रेणिक जेवला का? मग त्याच्या लहानपणीचा एक ताप आठवला, त्या रात्री त्याने धरलेलं बोट आठवलं, आणि सकाळी त्याच्याकडे आपण कसं पाहिलं ते आठवून डोळे भरले. माया कुठे गेली नव्हती. भीतीबरोबर तीही अडकून पडली होती, आणि सुटताना दोन्ही एकदम सुटल्या.

मागोमाग तो शब्द आला. तुझ्या हयातीत.

त्या उठून बसल्या. सकाळी तो त्यांनी स्वतःच उच्चारला होता, सहज, हवापाण्याचं बोलावं तसा. ज्याचा हिशेब दहा वर्षांच्या पोरालाही कळावा, तो त्यांना सकाळी कळला नव्हता. घर हयातीत मिळणार नाही. मग कधी मिळणार? कायद्याने कुणाला मिळणार? निर्भय डोक्याने सगळं नीट पाहिलं होतं, फक्त धोका पाहिला नव्हता. कळपात ज्या शेळीचे कान उभे राहत नाहीत, तीच बिबट्याला आधी सापडते. हे त्यांनी कितीदा लोकांना सांगितलं होतं.

दार लोटून श्रेणिक आत आला. त्याच्या हातात हळद घातलेल्या दुधाचा पेला होता.

"दमली असशील," तो म्हणाला. "घे."

आवाज मऊ होता. त्याने आजवर आईला कधी दूध आणून दिलं नव्हतं. मागे दारात प्राजक्ता उभी होती आणि जमिनीकडे पाहत होती.

त्रिशलाबाईंचं अंग थिजलं. हात वर येईना. हा माझा मुलगा आहे, त्या स्वतःला सांगत होत्या. मनात आणलं तरी पाप आहे. कदाचित तो फक्त समेट करायला आला असेल. कदाचित दिवसभरात त्याला आपली चूक कळली असेल. आणि या सगळ्याच्या खाली ती जुनी भीती बसली होती, इतकी वर्षं "देऊन टाक" म्हणणारी. आज ती दुसरंच काही सांगत होती. ती म्हणत होती, ऊठ.

"निवू दे जरा," त्या म्हणाल्या.

"गरमच घे. निवल्यावर साय धरते."

तो समोरच्या खुर्चीवर बसला आणि वाट पाहू लागला. पेल्यातून वाफ निघत होती. त्रिशलाबाईंनी भिंतीला हात टेकून स्वतःला उभं केलं.

"विजयाकडे जाऊन येते."

"आत्ता?"

"हो, आत्ता."

"आणि दूध?"

"आल्यावर घेईन."

तो उठला नाही. अडवलंही नाही. त्रिशलाबाई प्राजक्ताच्या बाजूने बाहेर पडल्या, चपला अडकवल्या आणि मागे न पाहता चालू लागल्या. दोन गल्ल्यांचं अंतर, पण विजयाच्या दारात पोचेपर्यंत ब्लाउज घामाने भिजला होता. विजयाने त्यांना आत घेतलं आणि दाराला कडी लावली.

त्या रात्री त्या तिथेच राहिल्या. सकाळी तांबोळींना फोन केला आणि त्यांच्याच सल्ल्याने मृत्युपत्र केलं. आपल्या मागे हे घर जिल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्याला जावं. श्रेणिकला आणि प्राजक्ताला त्यांनी विजयाच्या समोर हे सांगितलं, थरथरत्या आवाजात, पण शेवटपर्यंत. आपल्या जगण्यामरण्यातून आता त्या घरात कुणाला काही मिळणार नाही, अशी खात्री झाल्यावरच त्या घरी परतल्या. प्राजक्ताने पेला घासून पालथा घालून ठेवला होता.

महिन्याभरात श्रेणिक आणि प्राजक्ता मिरजेला फ्लॅट घेऊन राहायला गेले. पुढच्या खोलीत पुन्हा कुत्री-मांजरं येऊ लागली. विजया रोज चहाला येऊ लागली.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी श्रेणिक एकटाच आला. हातात डबा होता, प्राजक्ताने केलेल्या सांज्याच्या पोळ्यांचा. तो अंगाने वाळला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो बराच वेळ शीतगृहाचं, द्राक्षांचं बोलत राहिला. मग एकदम थांबला.

"आई, खरं सांग. त्या संध्याकाळी तुला वाटलं का, की मी..."



नाही म्हणणं सोपं होतं. त्याचा चेहरा लगेच उजळला असता. पूर्वी त्या तेच म्हणाल्या असत्या.

"हो," त्रिशलाबाई म्हणाल्या. "वाटलं."

श्रेणिकने मान खाली घातली. "नुसती हळद होती त्यात," तो म्हणाला.

त्यांना ते खरं वाटायला हवं होतं. जवळजवळ वाटलंही. पण जवळजवळच्या पुढे मन सरकेना, आणि ते कधी सरकेल की नाही हे सांगू शकेल असं कुठलंही यंत्र नव्हतं.

श्रेणिकने डबा उघडला. त्याने वरच्या पोळीचा तुकडा मोडला, आईच्या देखत तोंडात घातला, सावकाश चावून गिळला. मग उरलेली पोळी ताटलीत ठेवून ताटली त्यांच्याकडे सरकवली आणि हात मागे घेतला.

त्रिशलाबाईंनी हात पुढे केला. तो थरथरत होता. त्यांनी तो तसाच पुढे नेला.